जहाज लपेल का, हे कोणी ठरवायचं?

प्रश्न

(पत्र लांब होतं. ओळख पटेल असे तपशील काढून इथे सारांश देतो आहे.)

पत्रलेखिका कारखान्यांसाठी शीतकरण यंत्रणांची आखणी करतात. त्या आणि त्यांच्या ओळखीचे पाच जण गेली साडेतीन वर्षं एक विज्ञानकथा रोलप्ले म्हणून मिळून खेळत आहेत. प्रत्येकाचं एक पात्र, कोणाची दोन. एकाने प्रसंग लिहायचा, दुसऱ्याने आपल्या पात्राच्या बाजूने तो पुढे न्यायचा. कथा दोन-अडीचशे वर्षांनंतरची, शनीच्या परिसरातली. गटात गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि निकाल देणारा, नाही. सुरुवातीला ठरलं ते एवढंच: प्रकाशापेक्षा वेगवान काही नाही, परग्रहवासी नाहीत, आणि जे लिहू ते ‘पटण्यासारखं’ हवं.

तीन महिन्यांपूर्वी गटातल्या एकाने एक प्रसंग लिहिला. पळून चाललेल्या मालवाहू जहाजाने ‘मौनकवच’ नावाचं यंत्र सुरू केलं आणि ते पहाऱ्याच्या जहाजासमोरून, कोणाच्या लक्षात न येता, निघून गेलं. पत्रलेखिकेने लगेच हरकत घेतली. जहाजातली उष्णता कुठेतरी जाणारच, गार आकाशापुढे ती दिसणारच, लपणं शक्यच नाही. त्यावर त्याने विचारलं, ‘जहाजातली फ्युजन भट्टी तुला चालते, मग माझं कवच का नाही?’ शब्दाने शब्द वाढत गेला. आकडे, आलेख, लांबलचक टिपणं, असे एकोणीस दिवस गेले. मग कथा थांबली ती थांबलीच. गटातली सहावी, अबोल मैत्रीण ‘तुमचं ठरलं की कळवा’ एवढंच लिहून गप्प झाली. ती अजून परतलेली नाही.

‘माझं चुकलं का?’ असं त्या विचारतात. ‘शास्त्र गुंडाळून ठेवायचं असेल तर तिला विज्ञानकथा कशाला म्हणायचं? काहीही चालतं म्हटल्यावर खेळण्यात अर्थ काय उरतो? की मीच बाहेर पडावं?’

उत्तर

उष्णतेबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्रात सगळ्यात जास्त जागा त्याच शंकेने घेतली आहे. निर्वात पोकळीत उष्णता वाहून न्यायला ना हवा असते ना पाणी. जहाजाला ती फक्त प्रारणाच्या, म्हणजे किरणांच्या, रूपाने बाहेर टाकता येते. २७ अंश सेल्सियस तापमानाचा एक चौरस मीटर काळा पत्रा सुमारे ४६० वॅट अवरक्त प्रारण सोडत असतो, आणि त्याच्यामागचं आकाश निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम पावणेतीन अंशांवर असतं. काळ्याकुट्ट माळावर कंदील लावून बसावं तसं ते जहाज दिसणार. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला ते मोठे पांढरे रेडिएटर जोडलेत ते याचसाठी. नळ्यांतून फिरणारा अमोनिया आतली उष्णता तिथवर आणून सोडतो. तुमचं तर रोजचं कामच उष्णता इकडून तिकडे नेण्याचं. ‘बटण दाबलं आणि जहाज दिसेनासं झालं’ हे वाक्य तुम्हाला किती टोचलं असेल, ते कळतं मला.

पण तुमच्या मित्राचा प्रश्न तुम्ही एका ओळीत निकालात काढलात: ‘फ्युजन निदान शक्य तरी आहे.’ तिथे जरा थांबू या.

फ्युजन, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवणं, शक्य आहे हे खरं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत इंधनाच्या एका इवल्याशा गोळीवर २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जा टाकून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. लेसर चालवायला त्याहून कितीतरी पट वीज लागली, पण तो भाग सोडून देऊ. तुमच्या कथेतली भट्टी नुसती फ्युजन भट्टी नाहीच. तुम्हीच लिहिलंय की तुमचं हजार टनांचं जहाज शनीपासून पृथ्वीपर्यंत नऊ दिवसांत पोचतं आणि वाटेत सगळे जण घरात वावरावं तसे वावरतात. म्हणजे अर्ध्या वाटेपर्यंत पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतकं त्वरण आणि उरलेल्या वाटेत तेवढंच मंदन. दिवसांचा हिशेब जुळतो. अंतर १४३ कोटी किलोमीटर धरलं तर पावणेनऊ दिवसांच्या आसपास येतात. आता त्यासाठी लागणारी शक्ती काढून बघा. इंजिनाचा झोत सेकंदाला दहा हजार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो असं धरलं, तर त्या झोताची शक्ती सुमारे ४९ टेरावॅट भरते. आज पृथ्वीवरची सगळी माणसं मिळून जी ऊर्जा वापरतात तिचा सरासरी दर २० टेरावॅटच्या घरात आहे. त्या झोतातला हजारातला एक भाग जरी उष्णता होऊन जहाजात राहिला, तरी ते ४९ गिगावॅट झाले. अवकाश स्थानकाची अमोनियाची यंत्रणा ७० किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकते. तिच्या सात लाख पट! एवढी उष्णता फेकायची तर धगधगणारे, जहाजाहून मोठे रेडिएटरचे पंख लागतील. तुम्ही जहाजाचं वर्णन फार जीव लावून केलंय, तिसऱ्या कोठाराच्या कुरकुरणाऱ्या दारासकट. ते पंख मात्र त्यात कुठेच नाहीत.

तुम्हाला खोटं पाडायला हे लिहीत नाही. भट्टी पहिल्या दिवसापासून कथेत होती. तिच्याच जोरावर साडेतीन वर्षं पात्रं इकडून तिकडे गेली, भांडली, प्रेमात पडली, आणि ती सवयीची झाली. कवच नवं होतं म्हणून डोळ्यांत खुपलं. आपण मान्य केलेल्या अशक्य गोष्टी आपल्याला दिसत नाहीत, दुसऱ्याच्या लगेच दिसतात. म्हणून ‘मी शास्त्राच्या बाजूने आणि तो कल्पनेच्या बाजूने’ ही तुमच्या पत्रातली मांडणी मला पटत नाही. त्याने भट्टीचा दाखला दिला तेव्हा तो विषय टाळत नव्हता. ‘एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा का?’ असं तो विचारत होता, आणि त्याचं उत्तर त्याला मिळालं नाही.

मग ‘पटण्यासारखं’ म्हणजे काय? तुम्ही सहा जणांनी हा शब्द ठरवला खरा, पण तुमच्या मनात त्याचा अर्थ ‘भौतिकशास्त्रात बसणारं’ असा होता. तुमच्या मित्राच्या मनात बहुधा ‘कथेतल्या जगात शोभणारं’ असा. मला तिसराच अर्थ जास्त कामाचा वाटतो: जे आहे त्याची किंमत कोणीतरी मोजतं, आणि ते आहे म्हणून बाकीचं जग बदललेलं दिसतं.

१९७७ साली आलेल्या ‘ट्रॅव्हलर’ या रोलप्लेइंग खेळाचं उदाहरण घ्या. त्यातली जहाजं एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर उड्या मारतात. आज जे भौतिकशास्त्र आपल्याला माहीत आहे त्यात हे बसत नाही. पण तिथला नियम कडक आहे. उडी आखूड असो की लांब, साधारण आठवडा लागतोच, आणि कुठलाही निरोप जहाजापेक्षा वेगाने जात नाही. त्या एका अटीतून अख्खं जग उभं राहतं. दूरच्या ग्रहावर काही घडलं तर वरिष्ठांना कळेपर्यंत आठवडे, महिने जातात, म्हणून तिथल्या माणसाला स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घ्यावा लागतो. टपाल नेणाऱ्या जहाजाला मोल येतं. बातमी आधी पोचली तर व्यापाऱ्याचा फायदा होतो. उडी अशक्य, पण तिच्यामागून आलेलं सगळं पटतं.

याच्या उलटही होतं. १९९४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांनी सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांत बसणारी एक रचना मांडली. तिच्यात जहाजापुढचा अवकाश आकसतो, मागचा प्रसरतो, आणि मधलं जहाज प्रकाशालाही मागे टाकतं. त्यासाठी ऋण ऊर्जा लागते, आणि ती हव्या तेवढ्या प्रमाणात मिळवायची कशी हे कोणाला ठाऊक नाही. कितीतरी खेळांत मी बघितलंय, कोणीतरी हे नाव टाकतं आणि समोरचे गप्प होतात. त्या इंजिनाला काय लागतं, ते कधी बिघडतं, कोणाला परवडत नाही, यातलं काही ठरलेलं नसतं. शास्त्रज्ञाचं नाव घेतल्याने ती उणीव भरून निघत नाही. ‘क्वांटम’ शब्दाचंही तेच. गुंतलेल्या कणांच्या जोडीतून क्षणात निरोप पाठवणारं यंत्र दर दुसऱ्या कथेत असतं. प्रत्यक्षात त्या जोडीतून संदेश पाठवताच येत नाही, एका टोकाला मोजणाऱ्याच्या हाती निव्वळ अनियमित आकडे येतात. तुमच्या कथेत शनीहून पृथ्वीवर निरोप जायला सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि तुम्ही सगळ्यांनी तो विलंब पाळलाय. पत्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग तोच. आईच्या प्रश्नाला मुलीचं उत्तर अडीच तासांनी येतं आणि तोवर आई झोपलेली असते, हा तुम्ही सांगितलेला प्रसंग त्या एका अटीमुळेच जन्माला आला.

इथे माझा एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या गटात एकाने फिरत्या अवकाश-वसाहतीतला प्रसंग लिहिला होता. वसाहतीची त्रिज्या चाळीस मीटर, आत पृथ्वीइतकं वजन जाणवतं. मी तिथल्या तिथे हिशेब मांडला. चाळीस मीटर त्रिज्येला मिनिटाला पावणेपाच फेऱ्या लागतात. मान वळवली तरी माणसाला घेरी येईल. मिनिटाला दोन फेऱ्या ठेवायच्या तर त्रिज्या २२४ मीटर हवी. आकडे बरोबर होते. प्रसंग मात्र एका मुलाच्या वडिलांच्या शेवटच्या रात्रीचा होता आणि तो अर्धाच लिहून झाला होता. लिहिणाऱ्याने त्रिज्या बदलली, ‘धन्यवाद’ म्हणाला, आणि तो प्रसंग त्याने कधीच पूर्ण केला नाही. आज त्या गटाची आठवण आली की तो २२४ चा आकडा आठवतो, आणि त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं हे मला माहीत नाही याचं वाईट वाटतं. दोन दिवस थांबलो असतो, त्याला एकट्याला सांगितलं असतं, तर आकडाही सुधारला असता आणि रात्रही लिहून झाली असती.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे परत येतो. ते तुम्ही जाता जाता लिहिलंय: ‘पहाऱ्याच्या जहाजाची कप्तान माझंच पात्र होती.’ मला वाटतं, घोडं इथे अडलं आहे. त्या कप्तानाला तुम्ही सात महिने त्या पाठलागावर ठेवलं होतं. तिने वाट अडवली, सापळा रचला, आणि समोरच्याने एका वाक्यात तिला आंधळं केलं. तुम्हाला न विचारता. राग यावा अशीच ही गोष्ट आहे, आणि तो राग रास्त आहे. पण ‘तू माझ्या पात्राचा सगळा डाव एका ओळीत उधळलास’ हे बोलणं अवघड असतं, आणि ‘उष्णतागतिकीच्या दुसऱ्या नियमानुसार’ हे बोलणं सोपं. मग एकोणीस दिवस त्या नियमावरच वाद झाला, आणि ज्याबद्दल बोलायला हवं होतं ते तसंच राहिलं. तिकडे त्यालाही काहीतरी लागलं असणार. त्याने नवं काही आणलं आणि सगळ्यांसमोर त्याला ऐकू आलेला पहिला शब्द ‘अशक्य’ होता.

असे तंटे नवे नाहीत, रोलप्लेपेक्षा जुने आहेत. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात फॉन राइसवित्झ यांचा युद्धखेळ आला. नकाशा, ठोकळे, फासे, आणि प्रत्येक गोळीबाराचा परिणाम सांगणारे तक्ते असा तो सगळा मांड होता. तक्त्यांचं ओझं वाढत गेलं, खेळ रखडू लागला. १८७६ मध्ये प्रशियाचेच अधिकारी व्हेर्दी द्यू व्हर्न्वा यांनी उलट बाजू मांडली: तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल ते धरून चाला. दोन्ही पद्धतींना त्रुटी आहेत, पण दोन्हींत निकाल देणारा खेळणाऱ्यांपेक्षा वेगळा होता. तुमच्याकडे ना तक्ता आहे ना पंच. त्यामुळे हरकत घेणारी व्यक्ती वादी असते आणि न्यायाधीशही तीच होते. तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी समोरच्याला तो निवाडा आपला वाटणं कठीण.

आता करायचं काय?

कवच कथेतून पुसून टाकायचं, म्हणजे रेटकॉन करायचं, हा एक मार्ग. तुम्ही जिंकाल, पण त्या प्रसंगानंतर बाकीच्यांनी जे लिहिलंय तेही पुसावं लागेल, आणि इथून पुढे काही नवं आणताना प्रत्येक जण आधी तुमच्याकडे बघेल. मी हा मार्ग घेणार नाही. कवच आहे तसं मान्य करायचं हा दुसरा. मग पुढच्या प्रत्येक संकटात ते बटण दाबता येईल आणि तुमच्या कप्तानाला कथेत काही कामच उरणार नाही. त्यात तुमचं तर नुकसान आहेच, कथेचंही आहे. गट सोडायचा, हा तिसरा. काटेकोर विज्ञानाचीच भूक असेल तर तशी आवड असणाऱ्या दोघा-तिघांबरोबर एखादी छोटी कथा वेगळी सुरू करा, त्यात काही वावगं नाही. पण भांडणाच्या तिरमिरीत साडेतीन वर्षांची कथा सोडू नका.

मला हवा तो मार्ग असा: ‘शक्य नाही’ याच्या जागी ‘हे असं असेल तर?’ लिहा. तुमचंच ज्ञान वापरून त्याच्या कवचाला किंमत लावून द्या. उदाहरण करून बघू. कवच म्हणजे जहाजाच्या पोटातला १०० टन बर्फ. लपायचं तर इंजिन बंद, पंख मिटलेले, आणि आतली सगळी उष्णता बर्फात सोडायची. माणसं, दिवे, हवा फिरवणारे पंखे, मंद आचेवर ठेवलेली भट्टी, सगळं मिळून एक मेगावॅट धरा. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. १०० टनांना ३,३४० कोटी ज्यूल. मेगावॅटच्या दराने ते सव्वानऊ तास पुरतात. बाहेरचा पत्रा गार ठेवायला पंप चालवावा लागेल, आणि त्या पंपाची वीजही शेवटी उष्णताच. ती धरली की तास कमी होतात. किती कमी, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. शनीजवळ ऊन पृथ्वीच्या जवळपास नव्वदाव्या हिश्शाइतकं, चौरस मीटरला पंधरा वॅट, त्यामुळे ती बाजू थोडी सोपी आहे.

आणि आता काय काय हाती लागतं बघा. बर्फ आणायचा कुठून? शनीची कडी मुख्यतः पाण्याच्या बर्फाचीच आहेत. म्हणजे लपू पाहणाऱ्या प्रत्येकाला आधी तिथे जावं लागणार, आणि तिथे जाणाऱ्यांवर नजर ठेवता येणार. इंजिन बंद म्हणजे मार्ग बदलता येणार नाही. जहाज जसं निघालं तसंच पुढे जाणार. तुमच्या कप्तानाला ते दिसणार नाही, पण शेवटचं कुठे दिसलं हे तिला माहीत असेल, आणि बर्फ किती तास पुरतो याचा अंदाजही. बर्फ संपला की गरम पाणी बाहेर सोडावं लागेल किंवा पंख उघडावे लागतील, आणि त्या क्षणी ते जहाज सगळ्या आकाशात उठून दिसेल. तिने फक्त वाट बघायची. त्याचा प्रसंग उभा राहिला, तुमची कप्तान परत खेळात आली, आणि उष्णतेचा नियमही कोणी मोडला नाही.

कोणी आणखी खोलात जाऊन म्हणेल की पत्रा आकाशाइतका गार करता येणारच नाही, चांगल्या दुर्बिणीला काहीतरी दिसेलच. म्हणेल ते खरंही असेल. तिथे मात्र थांबायचं. कुठल्याही कल्पित यंत्राला पुरेसं खोदलं की तळाशी एक अशक्य गोष्ट सापडतेच, आणि ती सापडेपर्यंत खोदत राहायचं की नाही हे गटाने ठरवायचं असतं. माझा ठोकताळा सांगतो. त्या हरकतीने पुढचा प्रसंग बदलणार असेल तर बोला. बदलणार नसेल तर ती आपल्या वहीत ठेवा.

मित्राला चिठ्ठी लिहा, बाकीच्यांसमोर नको, एकट्याला. असं काहीसं: ‘तुझा भट्टीचा मुद्दा बरोबर होता. मी हिशेब केला, आपली भट्टी तुझ्या कवचाहून जास्त अशक्य निघाली. कवच राहू दे. मला खरं खुपलं ते हे की माझ्या कप्तानाला काही करायला जागाच राहिली नाही. एक कल्पना सुचलीय, बर्फाची. बघ, तुला आवडते का. नाही आवडली तर तू दुसरी काढ, फक्त तिला काहीतरी किंमत असू दे.’ भट्टीबद्दलचं वाक्य वगळू नका. आधी तुम्ही तेवढं मान्य केलंत, तर पुढचं तो ऐकेल.

गटासाठी फार नियम करू नका. नव्या यंत्राबरोबर चार ओळी लिहायच्या एवढं ठरवा: ते काय करतं, काय करू शकत नाही, आणखी कोणाकडे आहे, आणि आजवर कथेत कोणी ते का वापरलं नाही. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या मित्राला तो कोणी विचारला असता तर त्याच्या लक्षात आलं असतं की असं कवच असेल तर तुमच्या जगात तस्करीला सगळं रान मोकळं, आणि मग पहाऱ्याची जहाजं ठेवण्यात अर्थच उरत नाही. हरकत आली तर तिला दोन दिवसांची मुदत द्या, आणि तोवर लिहिलेला प्रसंग जसा आहे तसा धरून खेळ चालू ठेवा. दोन दिवसांत जमलं नाही तर ज्याचं पात्र त्या वादात नाही अशा एकाने निर्णय द्यावा आणि बाकीच्यांनी तो पाळावा. निर्णय देणारा दर वेळी वेगळा असू दे. आणि यंत्र जर दुसऱ्याच्या पात्रावर चालणार असेल, त्याला आंधळं, बहिरं किंवा हतबल करणार असेल, तर लिहिण्याआधी त्या पात्राच्या मालकाला विचारायचं. ही अट तुमच्या मित्राला लागू, तशीच तुम्हालाही.

हे वाचणाऱ्यांत यंत्रं काढणारेही असतील. त्यांना माझी विनंती आहे: हरकत घेणारा बहुतेक वेळा तुमच्या कथेवर प्रेम करत असतो. त्याशिवाय कोणी रात्री जागून तुमच्या जहाजाचं तापमान काढत बसत नाही. त्याला ‘ही गोष्ट आहे, मनावर घेऊ नकोस’ असं म्हणून उडवून लावू नका. ‘बरं, मग यात काय बिघडू शकतं ते तूच सांग’ असं विचारा. अशा माणसाला बिघाड शोधायला आवडतात, आणि कथेला तर बिघाडच लागतात.

राहिली ती सहावी मैत्रीण. पत्रात तिच्यावर तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण मला वाटतं, मित्राशी जुळलं की सगळ्यात आधी तिच्याकडे जायला हवं. ‘तुमचं ठरलं की कळवा’ यातला ‘तुमचं’ हा शब्द पुन्हा वाचा. कथा सहा जणांची होती, एकोणीस दिवस ती दोघांची झाली. तिला खुलासा देऊ नका, कोण बरोबर होतं हेही सांगू नका. तिचं पात्र त्याच जहाजावर रेडिओ सांभाळतं असं तुम्ही लिहिलंय. मग तिला एवढंच लिहा: ‘आमचं भांडण संपलंय आणि तुझी वाट बघतोय. जहाज लपलंय, इंजिन बंद आहे, बर्फ नऊ तास पुरेल. तेवढा वेळ रेडिओवरून एक शब्दही पाठवायचा नाही, फक्त ऐकायचं. तुला काय ऐकू येतं?’